आपल्या भोवती किती संस्था? आणि त्यातल्या जिवंत कोणत्या?



समजा, दुपारची वेळ आहे. कपाशीचं निंदण आटोपून तुम्ही नुकत्याच घरी आल्या आहात. दारात दोघं जण उभे. हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र. म्हणतात, "ताई, आमी संस्थेतून आलो. शासनमान्य संस्था हाय. तुमच्या गटातल्या सगळ्या बायांना शिलाई मशीन भेटणार हाय. फारम भराचे फक्त तीनशे रुपये." फाईलमध्ये गोल शिक्क्याचं, नंबर टाकलेलं प्रमाणपत्रही आहे.

गटात बारा जणी. म्हणजे ३,६०० रुपये. तुम्ही काय कराल?

काही जणी शिक्का पाहून पैसे देतात. काही जणी "संस्था म्हंजे सगळे चोर" म्हणून दार लावून घेतात. दोन्हींत नुकसान होऊ शकतं. खोट्या माणसाला पैसे दिले तर ते गेले. खऱ्या संस्थेला हाकललं तर गावात येणारं चांगलं काम गेलं. म्हणून या अंकात आपण एकच गोष्ट समजून घेऊ: आपल्या राज्यात संस्था किती, कोणत्या प्रकारच्या, आणि त्यातली खरंच चालू असलेली कोणती हे ओळखायचं कसं.

आधी आपलंच गाव मोजा

बोटं काढा आणि मोजा. गावातली हायस्कूल चालवणारं शिक्षण प्रसारक मंडळ. देवळाची पंच कमिटी किंवा ट्रस्ट. बुद्ध विहाराचं मंडळ. गुरुदेव सेवा मंडळाची शाखा. सार्वजनिक वाचनालय. पोरांचं क्रीडा मंडळ. दुधाची सोसायटी, सेवा सहकारी सोसायटी. शिवाय आपले बचत गट आणि ग्रामसंघ. दोन हजार वस्तीच्या गावातही आकडा सहज दहाच्या वर जातो. आपण यांना रोज पाहतो, पण "ही एक संस्था आहे, हिचे नियम आहेत, हिला हिशोब द्यावा लागतो" असा विचार आपल्या मनात येत नाही.

आता राज्याकडे बघू. २०१५ साली सीबीआयने सर्वोच्च न्यायालयासमोर देशभरातल्या स्वयंसेवी संस्थांची माहिती ठेवली. देशात ३१ लाखांच्या आसपास संस्था निघाल्या. सगळ्यात जास्त उत्तर प्रदेशात, सुमारे ५ लाख ४८ हजार. दुसरा नंबर आपल्या महाराष्ट्राचा, सुमारे ५ लाख १८ हजार. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. भागाकार केला तर साधारण २१७ माणसांमागे एक संस्था येते.

एवढ्या संस्था खरोखर काम करत असत्या तर प्रत्येक टोल्यावर, प्रत्येक पाड्यावर कुणीतरी पोचलं असतं. मग गडबड कुठे आहे?

नोंद राहते, संस्था विरते

याचं उत्तर केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाच्या एका मोठ्या पाहणीत सापडतं. २००८ पर्यंत नोंदलेल्या संस्थांची त्यांनी यादी केली. तीही सुमारे ३१ लाख ७० हजार भरली. मग माणसं प्रत्यक्ष पत्त्यावर पाठवली. सुमारे २२ लाख ४० हजार संस्थांच्या पत्त्यावर जाऊन आले, आणि सापडल्या फक्त ७ लाखांच्या आसपास. म्हणजे तीन दारं ठोठावली तर एक उघडलं. बाकीच्या कुठे घर बदलून गेल्या, कुठे बंद पडल्या, कुठे स्थापन करणारेच हयात नाहीत.

हे असं होतं, कारण नोंदणी एकदाच होते. सात जण एकत्र आले, घटना लिहिली, शुल्क भरलं, प्रमाणपत्र मिळालं. पुढे संस्था बंद पडली तरी ते प्रमाणपत्र भिंतीवर लटकतच राहतं. जन्माचा दाखला दाखवला म्हणून माणूस आज जिवंत आहे हे सिद्ध होत नाही, तसंच हे. सीबीआयच्या त्याच माहितीत आणखी एक गोष्ट पुढे आली: देशातल्या दहा संस्थांपैकी एकसुद्धा धड आपला वार्षिक हिशोब सादर करत नव्हती.

आणि एक गंमत ऐका. या लाखांच्या यादीत आपले बचत गट नाहीतच. गटाला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून तो या मोजणीत येत नाही. एकट्या 'उमेद' अभियानाखाली राज्यात ६ लाखांहून जास्त गट आहेत. म्हणजे राज्यातल्या नोंदलेल्या संस्थांपेक्षा बायांचे गट जास्त! आकडा कुणी मोजो ना मोजो, आठवड्याला किंवा महिन्याला बसून हिशोब करणाऱ्या एवढ्या बाया दुसऱ्या कुठल्या यादीत मिळायच्या नाहीत.

आपल्या विदर्भातले नमुने

बंद संस्थांचं ऐकून सगळ्यांवरचा विश्वास उडवून घेऊ नका. आपल्याच भागात संस्थांनी काय काय उभं केलं ते बघा.

नागपुरात १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या सोबतीने मातृ सेवा संघ सुरू केला. कमलाताई लहान वयात विधवा झाल्या, नर्सिंग शिकल्या. त्या काळात बाळंतपणात बाया आणि लेकरं दगावत, आणि दवाखान्यात जायला घरचे तयार नसत. त्या बायांसाठी बायांनीच हे काम उभं केलं.

वरोऱ्याजवळचं आनंदवन आपल्याला माहीत आहे. ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव महारोगी सेवा समिती. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ साली हे काम सुरू केलं. १९७३ साली भामरागडच्या जंगलात हेमलकसा इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तोही याच समितीचा. संस्था एक, कामं अनेक. सरकारी यादीत मात्र ही एकच मोजली जाते, आणि कपाटात प्रमाणपत्र ठेवून बसलेली संस्थाही एकच मोजली जाते. म्हणून नुसत्या आकड्यावरून कामाचा अंदाज येत नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे गावातल्याच बायांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं. नवजात बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, आजार कसा ओळखायचा, हे सगळं घरी जाऊन करायचं. बाळांचे मृत्यू कमी झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ तपासते ना, त्या देशभराच्या कार्यक्रमामागे गडचिरोलीच्या खेड्यांतला हा अनुभव आहे.

सेवाग्रामचं मोठं रुग्णालय आणि १९६९ साली सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय कस्तुरबा हेल्थ सोसायटी चालवते. मोझरीच्या गुरुकुंजातून चालणाऱ्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई करतात. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, आणि त्यातून संस्था उभी राहिली.

शेकडो खाटांचं रुग्णालय आणि पंधरा जणांचं भजनी मंडळ, दोन्हींना आपण "संस्था" हाच शब्द वापरतो. म्हणून नुसती "आमची संस्था आहे" या वाक्यावरून काहीच कळत नाही. प्रकार विचारावा लागतो.

प्रकार कोणते, आणि तिथे मी कोण?

प्रकार समजायला सोपी युक्ती आहे. स्वतःला विचारा: "या संस्थेत मी कोण? सभासद, लाभार्थी, की गिऱ्हाईक?"

नोंदणीकृत संस्था (सोसायटी). १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते. किमान सात जण लागतात. आपल्या राज्यात ही नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. अशी संस्था बहुतेक वेळा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेली असते, म्हणून कागदावर दोन नंबर दिसतात. दुसऱ्या नंबरात 'एफ' अक्षर असतं. इथे सभासदांची आमसभा असते आणि सभासदाला मत असतं. पण लक्षात ठेवा, ज्यांना मशीन किंवा प्रशिक्षण मिळतं ते लाभार्थी. लाभार्थी म्हणजे आपोआप सभासद नव्हे.

ट्रस्ट, म्हणजे विश्वस्त संस्था. देवस्थान, धर्मादाय दवाखाना, शिष्यवृत्तीचा निधी, हे पुष्कळदा या प्रकारात येतात. कारभार विश्वस्तांच्या हाती. आपल्याला मत नसतं. पण ट्रस्टची जागाजमीन विश्वस्तांना मनाने विकता येत नाही. त्याला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते.

कलम ८ ची कंपनी. नावात 'फाउंडेशन' असतं पुष्कळदा. नोंद कंपनी खात्याकडे, धर्मादाय कार्यालयाकडे नव्हे. नफा वाटून घ्यायला बंदी असते.

सहकारी संस्था. दूध सोसायटी, पतसंस्था. १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंद, तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय. तुम्ही भागधारक, एका सभासदाला एक मत, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. इथे सभासदांना लाभांश मिळू शकतो, म्हणून ही धर्मादाय संस्था नव्हे. सभासदांनी स्वतःसाठी उभी केलेली संस्था.

बचत गट. दहा ते वीस जणी. नोंदणीची गरज नाही. ठराव, नियमावली आणि बँकेतलं खातं हीच आपली ओळख. नाबार्डने १९९२ साली गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून बँका गटाच्या नावाने कर्ज देतात. इथे मालक आपणच.

आणि एक जी संस्था नाहीच. आठवड्याला हप्ता गोळा करायला येतात ती मायक्रोफायनान्स कंपनी. तेही पाच-दहा बायांना बसवून "गट" म्हणतात. पण त्या बहुतेक नफा कमावणाऱ्या कंपन्या आहेत, रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली चालतात. तिथे तुमची बचत नाही, मत नाही, व्याजात वाटा नाही. तिथे तुम्ही गिऱ्हाईक. कर्ज घेणं चुकीचं आहे असं नाही, पण "हा आपला गटच आहे" असं समजून सही करू नका. दुसरीच्या हप्त्याची जामीनकी आपल्या गळ्यात येते.

'ना-नफा' म्हणजे फुकट नव्हे

बऱ्याच जणींचा समज असतो की ना-नफा संस्थेने कुणाला पगार देऊ नये, पैसे शिल्लक ठेवू नयेत. तसं नाही. कामाचा मोबदला देता येतो, सेवेचं शुल्क घेता येतं, वर्षाअखेर शिल्लकही राहू शकते. फक्त ती शिल्लक चालकांनी आपसात वाटून घ्यायची नसते, संस्थेच्या कामातच लावायची असते. म्हणून एखादी संस्था शुल्क मागते एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. पावती कुणाच्या नावाची, पैसा कोणत्या खात्यात जातो, यावरून ठरतं.

'शासनमान्य' शब्दाने दबू नका

नोंदणी म्हणजे सरकारने त्या संस्थेच्या कामाची हमी घेतली असं मुळीच नाही. नोंदणी म्हणजे सरकारच्या वहीत नाव लागलं, एवढंच. पॅन कार्ड, नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलचा नंबर, यांचंही तसंच. ते कागद असणं चांगलं, पण त्यावरून काम सिद्ध होत नाही. म्हणून फाईल घेऊन कुणी आलं की त्यांना ओट्यावर बसवा, पाणी द्या, आणि शांतपणे हे विचारा:

१. संस्थेची नोंद कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कार्यालयात? नंबर लिहून द्या.

२. मागच्या वर्षीचा ऑडिट अहवाल दाखवता का? (धर्मादाय कार्यालयाकडे नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी ३१ मार्चपर्यंतच्या हिशोबाचं ऑडिट करून सादर करावं लागतं.)

३. जवळच्या कोणत्या गावात काम केलं? तिथल्या गटाच्या अध्यक्षाचा नंबर द्या.

४. पैसे कशाचे? संस्थेच्या खात्यात भरू का? छापील पावती मिळेल का?

५. या योजनेत पैसा कुणाचा? सरकारचा असेल तर पंचायत समितीत, ग्रामपंचायतीत पत्र आहे का? कंपनीच्या सीएसआरचा असेल तर कोणत्या कंपनीचा?

खरी संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. उलट बसून सांगते. "एवढं काहून विचारता? बाकीच्या बायांनी तं लगेच भरले, आज शेवटची तारीख हाय" असं उत्तर आलं की समजून जा. घाई ही त्यांची गरज आहे, आपली नव्हे. म्हणा, "बैठकीत ठेवतो. ठराव झाला की कळवतो." गटाचा पैसा ठरावाशिवाय हलत नाही, हा नियम अशा वेळी कामी येतो.

शंका उरली तर धर्मादाय कार्यालयात चौकशी करा. नागपूरला सहधर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे संस्थेच्या नोंदीची आणि हिशोबाची नक्कल अर्ज करून मागता येते. गणपतीची, देवीची वर्गणी मागणाऱ्या मंडळालाही, त्याची नोंदणी नसेल तर, वर्गणीसाठी याच कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पावतीपुस्तक पुढे आलं की परवानगीचा नंबर विचारायला लाजू नका.

एक हक्क, जो पुष्कळ जणींना माहीत नाही

ट्रस्टला सरकार सवलती देतं, त्या बदल्यात समाजाला काही परत मिळायला हवं. म्हणून धर्मादाय रुग्णालयांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्याची योजना ठरवून दिली. त्यासाठी रुग्णालय आपल्या बिलांतून २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत बाजूला काढतं. घरात मोठं आजारपण आलं आणि नागपूरच्या मोठ्या खाजगी दवाखान्यात जायची वेळ आली, तर आधी विचारा: "हे रुग्णालय धर्मादाय आहे का?" असेल तर तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत न्या. दागिना मोडायच्या आधी हा एक प्रश्न विचारून बघा.

आता आरसा आपल्याकडे

दुसऱ्यांना विचारले ते प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. गटाला नोंदणी नसली तरी महासंघाला असते, आणि नोंदणी आली की जबाबदारीही येते.

धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या संस्थेत अध्यक्ष, सचिव किंवा कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. कार्यालयात त्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. तो दिला नाही तर सरकारच्या वहीत जुनीच नावं राहतात. आपण आमसभेत हात वर करून नवी अध्यक्ष निवडली, हार घातला, फोटो काढला, पण वहीत पाच वर्षांपूर्वीचीच नावं. मग अनुदान आलं की बँक विचारते, "तुमचं नाव कुठे आहे?" भांडण झालं तर कागद जुन्यांच्या बाजूने बोलतो. वर्षानुवर्षं हिशोब दिला नाही तर नोंदणीही रद्द होऊ शकते. पत्त्यावर जाऊनही न सापडलेल्या त्या लाखो संस्था एका दिवसात बंद पडल्या नाहीत. आधी एक सभा चुकली, मग एक ऑडिट राहिलं, मग सह्या दोघी-तिघींच्याच राहिल्या.

याच्या उलट लिज्जत पापड बघा. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात बायांनी ८० रुपये उधार घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. १९६६ साली संस्था म्हणून रीतसर नोंदणी केली. आज त्यांच्या हजारो बहिणी आहेत, आणि पापड लाटणारी प्रत्येक बहीण तिथे मालकीण समजली जाते. सात हा कायद्याला लागणारा कमीत कमी आकडा. आपल्या कुठल्याही गटात त्याहून जास्त जणी बसतात.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. ग्रामसंघाच्या प्रतिनिधीला सांगा, महासंघाच्या कार्यालयातून तीन कागदांच्या झेरॉक्स आण: नोंदणी प्रमाणपत्र, मागच्या वर्षीचा ऑडिट अहवाल, आणि सध्याच्या कार्यकारिणीची सरकारी नोंद. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. प्रमाणपत्रावर कोणता कायदा लिहिला आहे? ऑडिटमध्ये शिल्लक किती? कार्यकारिणीत ज्यांची नावं आहेत, त्या बाया आज खरंच त्या पदावर आहेत का? कुठे अडलं तर प्रश्न लिहून महासंघाच्या पुढच्या सभेत ठेवा.

कुणी म्हणेल, "बाप्पा, आपल्याच महासंघाला काहून विचारायचं, विश्वास नाही का?" तर सांगा, विश्वास आहे म्हणूनच विचारतो. आपल्या दारात आलेल्या परक्या संस्थेला आपण जे विचारणार, ते घरच्या संस्थेला विचारायची सवय आधी पाहिजे.